सकाळच्या खडखडीला चेन किट लावण्याआधी

नागपूरच्या मनीषनगरवाले भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि मला माझीच डिसेंबरातली सकाळ आठवली. तुमची २०११ ची पेट्रोल हॅचबॅक, टायमिंग चेनवालं इंजिन (चेन म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाक करायला लावणारी इंजिनातली साखळी), ९० हजारांच्या वर चाललेली. सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड, मग गेटबाहेर निघेपर्यंत घर्रघर्र, आणि दुसरा गिअर पहिला किलोमीटरभर नखरे करतो. वर्कशॉपनं कागदावर लिहून दिलं: चेन किट, क्लच सेट, ३८ हजार. आणि तुम्ही विचारताय की एवढा खर्च करावा का. माझ्या वेळी आकडा थोडा कमी होता. बाकी गोष्ट जवळपास तीच.

आधीच सांगून ठेवतो, मी मेकॅनिक नाही. पेशानं अकाउंटंट आहे, त्यामुळे इंजिनपेक्षा बिलं जास्त बारकाईनं वाचतो. गाडीचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, वर्कशॉपचं तर नाहीच. डिपस्टिक, बॅटरी, एअर फिल्टर वगैरे तुम्ही पाहिलंच असणार, त्यात शिरत नाही.

मला सगळ्यात महाग पडली ती चूक वेगळीच होती. मी आवाज दाखवायला गाडी चालवत घेऊन गेलो. बेस्यातून वर्धा रोडला लागून वर्कशॉपला पोचेपर्यंत इंजिन पार गरम. तिथं सुपरवायझरनं चार वेळा चाबी फिरवली, गाडी मांजरासारखी गुरगुरली. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मलाच कानाच्या डॉक्टरकडं पाठवायला हवं. थंड स्टार्टचा आवाज म्हणजे सात-आठ तास उभ्या गाडीचा आवाज. ऑइल वरून निथळून खाली संपमध्ये (इंजिनाच्या बुडाशी असलेल्या ऑइलच्या भांड्यात) उतरलेलं असतं, धातू आकसलेला असतो. एकदा इंजिन फिरलं की त्या दिवसापुरता पुरावा गेला.

म्हणून दुसऱ्यांदा गाडी रात्री तिथंच ठेवली. सकाळी फोन: "सर, आवाज येत नाही." पुन्हा ठेवली, पुन्हा तेच. जॉब कार्डावर दोन्ही वेळा एकच ओळ: आवाज आढळला नाही. तिसऱ्यांदा मी भांडलो, तेव्हा सल्लागार म्हणाला, "सर, जुन्या चेनवाल्या गाड्यांना हे असतंच. चेन किट टाकून घ्या, टेन्शन संपलं." मी थकलो होतो. हो म्हटलं. १४,६०० रुपये. त्यात माझी स्वतःची शहाणपत अशी, की बिल कमी व्हावं म्हणून सांगितलं, "ऑइल फिल्टर नवाच आहे, दोन हजार किलोमीटर झालेत फक्त, तो राहू द्या." हे वाक्य लक्षात ठेवा.

गाडी घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला स्टार्ट केली. खडखड. बायको खिडकीतून म्हणाली, "चेन बदलली नं?"

परत गेलो तर उत्तर तयार होतं: मग क्लच असेल, बेअरिंगचा आवाज आहे. आणखी ११ हजार. त्यानंतर घर्रघर्र तशीच राहिली आणि वरून दुसरा गिअर पडेनासा झाला, जो आधी बरा पडत होता.

मग एक दिवस मी चिडून सकाळी पावणेसातलाच वर्कशॉपच्या गेटवर जाऊन उभा राहिलो. गाडी आदल्या रात्री ठेवली होती. सातला एक पोरगा आला आणि शेडमधल्या सगळ्या गाड्या एकेक करून बाहेर अंगणात काढायला लागला. चौकीदार म्हणाला, "रोजच काढतेत साहेब, फरशी धुवा लागते नं." माझी गाडी तिसरी होती. खडखडली, घर्रघर्रली, बाहेर आली, बंद झाली. सुपरवायझर आला साडेनवाला, त्यानं परत स्टार्ट केली आणि लिहिलं: आवाज आढळला नाही. दोन महिने, तीन जॉब कार्डं, पंचवीस हजारांच्या वर खर्च, आणि ज्याला निदान करायचं त्यानं तो आवाज एकदाही ऐकलेला नव्हता. फरशी मात्र स्वच्छ होती, बाप्पा.

शेवटी सक्करदऱ्याकडचे एक जुने मिस्त्री घरी यायला तयार झाले. ३०० रुपये आणि चहा. आल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवला. "आंग थंडं हाय. आता म्या सांगतो तवाच चाबी फिरवा. क्लच पुरा दाबून ठेवा, सोडू नका." स्टार्ट केली. दोन-तीन सेकंद खडखड झाली, थांबली. क्लच अजून दाबलेलाच. "आता हळू सोडा." सोडला, आणि घर्रघर्र सुरू. परत दाबला, बंद. "दोन आवाज हायेत साहेब, तुमी एकच समजून राह्यले."

भाऊ, माझ्या सगळ्या पैशांचा हिशेब या अर्ध्या मिनिटात लागला. क्लच दाबलेला असताना गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (इंजिनाची ताकद आत घेणारा दांडा) इंजिनापासून सुटलेला असतो, तो फिरत नाही. त्या वेळी जे ऐकू येतं ते बहुधा इंजिनाचं. क्लच सोडल्यावर न्यूट्रलमध्येही तो शाफ्ट आणि त्याला जुळलेले गिअर फिरू लागतात. तेव्हा जो आवाज भर पडतो तो गिअरबॉक्सचा, बहुतेक वेळा इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा. उलट झालं, म्हणजे दाबल्यावर आवाज येतो आणि सोडल्यावर जातो, तर क्लचच्या रिलीज बेअरिंगवर संशय. माझा आवाज सोडल्यावर यायचा, म्हणजे क्लच सेट बदलायचं कारणच नव्हतं. तुमच्या पोस्टमध्ये हे दोन्ही आवाज एकाच ओळीत आहेत. आधी ते वेगळे करा.

आता खडखड. चेनचा टेन्शनर हायड्रॉलिक असतो, तो ऑइलच्या प्रेशरवर चेन ताणून धरतो. प्रेशर चढेपर्यंत चेन ढिली लोंबते आणि गाइडवर, म्हणजे तिला वाटेत धरणाऱ्या पट्टीवर, आपटते. निरोगी इंजिनात हे सेकंदाच्या आत संपतं, कारण फिल्टरमध्ये रबराची एक झडप असते जी रात्रभर ऑइल फिल्टरमध्ये धरून ठेवते. फिल्टर आडवा किंवा तिरपा बसणाऱ्या इंजिनांत तर ती झडपच सगळं करते. ती कडक झाली किंवा मुळातच हलकी असली, की रात्रीत फिल्टर रिकामा होतो, आणि सकाळी पंपाला आधी तो भरावा लागतो, मग ऑइल वर जातं. माझा तो "नवा" फिल्टर मीच कुठून तरी ४० रुपये वाचवून आणलेला, खोक्याशिवाय. १४,६०० ची नवी चेन आणि नवा टेन्शनर त्याच उपाशी फिल्टरमागं बसवले होते. मिस्त्रींनी बऱ्यापैकी फिल्टर लावला, मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑइल भरलं. दुसऱ्या सकाळी खडखड एक "टक्" एवढीच उरली, आणि अजूनही तेवढीच आहे.

म्हणून तुम्हाला सांगतो, आधी फिल्टर आणि ऑइल, मग बाकीचं. पण याचा अर्थ चेन कधीच खराब होत नाही असा घेऊ नका. प्रेशर आल्यावरही खडखड चालू राहत असेल, गरम इंजिनात दीड-दोन हजार आरपीएमला ऐकू येत असेल, किंवा स्कॅनरवर पी००१६ सारखा कॅम आणि क्रँकचा (चेननं जोडलेल्या दोन शाफ्टांचा) मेळ न बसल्याचा कोड येत असेल, तर चेन ताणलेली असू शकते. चेन घसरली तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात आणि मग ३८ हजारही कमी वाटतील. ऑइलचा लाल दिवा स्टार्टनंतर रेंगाळत असेल तर गाडी हलवूच नका. प्रेशर स्विच काढून तिथं मेकॅनिकल गेज लावून प्रेशर मोजायला सांगा. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. जो वर्कशॉपवाला हे न मोजता चेन विकतो त्याच्याविषयी माझं मत मी इथं लिहू शकत नाही, पोस्ट उडेल.

ऑइलबद्दल माझा जुना राग आहे. आपल्याकडं कुणीही सांगतं, "नागपूरचा उन्हाळा ४७ ला टेकते, जाड ऑइल टाका, २०डब्ल्यू-५०." अरे, इंजिनाला बाहेरचे ४७ दिसत नाहीत, थर्मोस्टॅट त्याला नव्वदच्या आसपास धरून ठेवतो. डब्ल्यूनंतरचा आकडा गरम, साधारण १०० अंशांवरच्या ऑइलचा. आधीचा आकडा थंडीतला. आणि थंडी आपल्याकडं नसते असं नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ वर आला होता, त्या सकाळी कॉलनीत अर्ध्या गाड्या खोकत होत्या. पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर तेच. जाड ऑइलनं आवाज दबतो खरा, म्हणून गाडी विकणारे तेच भरतात.

गिअरबॉक्सची घर्रघर्र. सकाळी ती जास्त का, याचं मला वाटलेलं कारण आणि खरं कारण वेगळं निघालं. थंड इंजिन मुद्दाम हजार-बाराशेच्या वर आयडल करतं, गरम झाल्यावर ७००-८०० वर येतं. बेअरिंग थोडं झिजलेलं असेल तर वेगाबरोबर त्याचा आवाज वाढतो. गिअरबॉक्स "बरा" होत नाही, फक्त आरपीएम उतरतो. पडताळायचं असेल तर गरम गाडीत न्यूट्रलला हलकंच रेस देऊन बाराशेला आणा, तोच आवाज परत येईल. मिस्त्रींनी लेव्हल प्लग उघडला (तेल भोकाच्या काठापर्यंत हवं), तेल बोटाला लागेना. ड्राइव्ह शाफ्टच्या सीलमधून पाझरत होतं. सील बदललं, तेल भरलं. बेअरिंगसाठी गिअरबॉक्स उतरवू का विचारलं तर म्हणाले, "कायले? आवाज वाढला तं पाहू." चाळीस हजार किलोमीटर झाले, अजून वाढलेला नाही. तुमचा गिअर चालताना, लोडवर रडत असेल तर मात्र हा सल्ला लागू नाही.

दुसरा गिअर: माझं जुनं बिल परत काढलं, तेव्हा क्लचच्या कामात एक ओळ सापडली, गिअर ऑइल ९०. ड्रममधलं जाड तेल ओतलं होतं. पितळी सिंक्रो रिंगला त्या घट्ट तेलात गिअरचा वेग जुळवायला वेळ लागतो, म्हणून थंडीत गिअर अडतो आणि गरम झाल्यावर गप्प बसतो. पुस्तकातलं ७५डब्ल्यू वर्गातलं तेल भरल्यावर चार दिवसांत फरक पडला. तुमच्यात शेवटचं तेल कोणतं आणि कधी भरलं ते बिलात बघा. तोवर सकाळी दुसरा गिअर कोंबू नका. थोडा वेग कमी करून टाका, रिंगा वाचतील.

बाकीचे आवाज भराभर सांगतो. चिर्रर करून थांबणारा आवाज बहुधा अल्टरनेटर बेल्टचा. थंड असताना टिकटिक आणि मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर बाहेर नेणारा पाइपांचा जोड) तापल्यावर बंद, तर एक्झॉस्टची गॅस्केट गळत असेल, जोडाशी काजळी दिसते. बोदा ठकठक, चार-पाच मिनिटांत जाणारा, पिस्टनचा असू शकतो. जुन्या गाडीत लोक त्याच्यासोबत वर्षानुवर्षं काढतात. पण गरम झाल्यावर वाढणारा खोल ठोका आला तर गाडी टोइंगवरच न्या. आणि सायलेन्सरवरचा पत्रा हलवून बघा राजेहो. माझ्या साडूनं त्या पत्र्याच्या आवाजासाठी दोन इंजिन माउंट बदलले, शेवटी तीस रुपयांच्या क्लॅम्पवर भागलं.

व्हिडिओ काढताना मीटर आणि क्लचवरचा पाय एकाच फ्रेममध्ये घ्या, चाबी फिरवण्याच्या आधीपासून. मोबाइल आवाज दाबतो, त्यामुळे व्हिडिओवरून निदान मागू नका. मिस्त्रीला सकाळी यायला भाग पाडण्यापुरताच तो उपयोगी.

तुम्ही विचारलंय की पंधरा वर्षं होत आलेल्या गाडीवर खर्च करावा का. फेरनोंदणीची फी एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५,००० झाली आहे, पर्यावरण कर वेगळा. बॉडी सडलेली नसेल तर मी ठेवीन, पण हा माझा गाडीवरचा जीव बोलतोय, अकाउंटंट नाही.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला घरी असाल तर मी बेस्यावरून येतो, जवळच आहे. लांब स्क्रूड्रायव्हर माझ्याकडं आहे, कानाला लावून ऐकू. फक्त शनिवारी रात्री गाडी लावल्यावर चाबी घरात ठेवा, आणि गाडी धुणाऱ्या पोराला सांगून ठेवा की या एका दिवशी ती जागेवरून हलवायची नाही.