तुम्ही आलात की जाऊ

मेलबर्नहून एका मुलीचं पत्र आलंय. नाव देत नाही. सासर ठाण्याला नौपाड्यात, माहेर नेरूळला, दोन मुलं: थोरला आठ वर्षांचा, धाकटा साडेतीनचा. ती लिहिते:

"काकू, गेल्या डिसेंबरात आम्ही 19 दिवसांसाठी आलो होतो. परतताना विमानात बसून मोजलं, 27 घरी जाऊन आलो होतो. प्रत्येक घरी चहा, पोहे, 'किती बारीक झालीस', मुलांच्या हातात पाकीट आणि निघताना ओटी. धाकटा चौथ्या दिवसापासून तापाने फणफणला. निघताना आई म्हणाली, आलीस कधी नि गेलीस कधी, कळलंच नाही. मग वर्षभर नवऱ्याच्या भावंडांच्या ग्रुपवर फोटो येत राहिले. आज येऊर, उद्या नाटक, परवा कोणाच्या तरी शेतावर पोपटी. बघून पोटात कालवतं. आई मात्र नेरूळला एकटी, कुठे म्हणून जात नाही. कधीही विचारा, 'तुम्ही आलात की जाऊ' हेच उत्तर. यंदाही डिसेंबरात यायचं ठरतंय. कसं करू?"

अगं, माझ्या लेकीच्या वयाची आहेस, तेव्हा 'तू'च म्हणते. तुझ्या 27 घरांचा गुंता तासाभरात सुटेल. आईचं ते वाक्य जास्त अवघड आहे, त्याकडे शेवटी येते.

आधी तारखा. डिसेंबरच का, हा माझा पहिला प्रश्न. तुमच्याकडच्या शाळा जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. म्हणजे नाताळच्या गर्दीत, तिकिटांचे भाव सगळ्यात चढलेले असताना यायची तुला सक्ती नाही. 4-5 जानेवारीला निघालीस तर संक्रांत मिळते. धाकटा साडेतीनचा आहे ना? मग त्याचं बोरन्हाण अजून करता येईल, पाच वर्षांपर्यंत करतात. हलव्याचे दागिने घालून, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या ओतल्या की सोसायटीतली सगळी पोरं तुझ्या मुलाच्या अंगावर तुटून पडतील, आणि ओळख करून द्यायचं काम आपोआप होईल. तुझ्या आईला हळदीकुंकवाला लेक घरात मिळेल. दहावी-बारावीची मुलं असलेल्या घरी मात्र जानेवारीत मुक्कामाला जाऊ नकोस. तोंडावर कोणी बोलणार नाही, पण त्या घरात पूर्वपरीक्षांमुळे श्वास घ्यायला जागा नसते.

नवऱ्याच्या रजेमुळे डिसेंबरच घ्यावा लागला तर एक लक्षात ठेव. या वर्षी, म्हणजे 2026 ला, अधिक ज्येष्ठ आला, त्यामुळे सगळंच पुढे सरकलं. गणपती 14 सप्टेंबरला बसले, लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आणि मार्गशीर्ष थेट 7 जानेवारीपर्यंत. म्हणजे 24 आणि 31 डिसेंबर, दोन्ही मार्गशीर्षातले गुरुवार. थर्टीफर्स्टला सगळ्यांना गोळा करून मटण-मासळीचा बेत करायचा तुझा विचार असेल तर निम्मी मंडळी घट मांडून उपास धरून बसलेली असतील. कित्येक आगरी-कोळी घरांत तर त्या महिन्यात कोणी बांगड्याचं नावही काढू देत नाही. बेत शनिवारी, 2 जानेवारीला कर आणि तरी आधी विचारून घे. काही घरं अख्खा महिना पाळतात.

आणि तिकिटावरचा विमानतळ नीट वाच. 2025 च्या 25 डिसेंबरपासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. दिल्लीमार्गे येत असशील तर दुसरं विमान मुंबईच्या जुन्या विमानतळावर, सहारला उतरतंय की नव्या, उलव्याला, हे बघूनच कोणाला घ्यायला बोलवायचं ते ठरव. उलव्याहून तुझं माहेर जवळ, सासर लांब. यावरूनही घरात रुसवे होतील, तयारीत राहा.

आता ती 27 घरं. सासरच्या सोसायटीचा हॉल एका रविवारी घे, सकाळी 11 ते 4. सगळ्यांना एकदमच बोलव. मिसळ-पाव, मसालेभात, ताक, जिलबी. पत्रिका नको, फोन कर, आणि तो तू स्वतः कर, सासूबाईंना करायला लावू नकोस. कोण कोणाला भेटलं याचा हिशेब नातेवाईक ठेवतातच, पण एका छताखाली सगळेच असले की हिशेब ठेवायला जागा उरत नाही. शिवाय तुझ्या निमित्ताने त्यांचीही वर्षभरात न झालेली गाठ पडते. ठाण्यातल्या ठाण्यात राहून घोडबंदरची नणंद आणि नौपाड्यातली जाऊ एकमेकींना भेटत नाहीत, ट्रॅफिकच तसा आहे.

घरी जायचंच ते दोनच ठिकाणी. ज्यांना जिने उतरता येत नाहीत त्यांच्याकडे, आणि ज्या घरात गेल्या वर्षभरात कोणी गेलं त्यांच्याकडे. ही दुसरी भेट टाळू नकोस. फोनवर बोललीस असशील, तरी समोर जाऊन बसायचं असतं. त्या घरी मुलांना नेऊ नकोस, पाकिटं-बिकिटं काही नको, अर्धा तास पुरतो. बाकीच्यांना हॉलवर. जो रुसेल तो पुढच्या वर्षी येईल.

मुलांच्या झोपेचं गणित तू चुकवलंस म्हणून ताप आला असं माझं मत आहे, डॉक्टर काहीही म्हणोत. तुमच्या उन्हाळ्यात मेलबर्न आपल्यापुढे साडेपाच तास असतं. इथे रात्री 9 ला कोणी जेवायला बोलावलं की तुझ्या पोरांच्या अंगात मध्यरात्रीचे अडीच वाजलेले असतात. आणि पहाटे तीनला ती टक्क जागी! पहिले चार दिवस संध्याकाळची सगळी आमंत्रणं बंद. त्याऐवजी पहाट वापर. साडेपाच-सहाला तलावपाळीला ने. मासुंदा तलावाभोवती तेव्हा चालणाऱ्यांची गर्दी असते, हवा गार असते, कोपिनेश्वरात घंटा वाजत असते. नेरूळला असाल तर ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या पाण्याकाठी एक फेरी. आठपर्यंत चालून, खाऊन घरी. दुपारी हवं तेवढं झोपू दे.

नाताळात आलीस तर थोरल्याला मासुंद्याकाठच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये घेऊन जा. मेलबर्नच्या शाळेत त्याने सांताक्लॉज बघितलाच असणार. पण मराठी बोलणारे ईस्ट इंडियन ख्रिश्चन ठाण्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, हे त्याला कोण सांगणार? आमच्या शेजारच्या काकूंकडून दर नाताळात कुलकुलांचा डबा येतो आणि दिवाळीत त्याच डब्यातून माझ्या चकल्या परत जातात. डबा कोणाचा, हे आता दोघींनाही आठवत नाही.

दोन घरांतली वाटणी: अर्धं-अर्धं करून बॅगा इकडून तिकडे ओढू नका. आधी सलग ठाणे, मग सलग नेरूळ. ठाण्याहून नेरूळला ट्रान्स हार्बरची थेट लोकल आहे, अर्ध्या तासाचा प्रश्न, सासूबाईंना नातवंडं बघावीशी वाटली तर त्या येतील की. नेरूळच्या मुक्कामात चार दिवस असे ठेव की त्यात काहीच कार्यक्रम नाही. आईबरोबर भाजी आणायला जा. ब्लाउज शिवायला टाकायला जा. बँकेत तिचं केवायसी अडलेलं असेल, त्या रांगेत तिच्या शेजारी उभी राहा. 'कळलंच नाही' म्हणाली ना ती, ते याच्यामुळे. पाहुण्यांपुढे बशा सरकवताना लेक दिसते, पण भेटत नाही.

आता ते वाक्य. तुम्ही आलात की जाऊ.

हे मी चांगलं ओळखते, कारण आमच्या घरात ते चार वर्षं चाललं. मुलगा कॅलिफोर्नियात. आमच्या यांना कर्नाळा किल्ला चढायचा होता, मुलाबरोबर. ठाण्याहून कर्नाळा म्हणजे काय मोठा प्रवास आहे का? पण तो आला की जाऊ. एका वर्षी तो आला तर लग्नं होती, दुसऱ्या वर्षी तो आजारी, तिसऱ्या वर्षी आलाच नाही. चौथ्या वर्षी गेलो तेव्हा यांच्या गुडघ्यांनी उत्तर दिलं. पक्षी अभयारण्याच्या फाटकाजवळ बाकावर बसून दोघांनी सरबत प्यायलं, मुलगा एकटा वर जाऊन फोटो काढून आला. फोटो सुंदर आहे.

तुझ्या आईचं उदाहरण घे. ती नेरूळला राहते. फ्लेमिंगो बघायला लोक कुठून कुठून तिथे येतात, सीवूड्सच्या तळ्यावर, टी. एस. चाणक्य या नाविक प्रशिक्षण संस्थेच्या मागे. शेजारच्या ठाणे खाडीला तर 2022 साली रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रातून बोट निघते, भरतीच्या वेळेप्रमाणे. आणि तू येतेस डिसेंबरात, जेव्हा पक्षी नुकते यायला लागलेले असतात. खरी गर्दी फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराची. म्हणजे तू आलीस की जाऊ म्हणणाऱ्या तुझ्या आईने दारातले फ्लेमिंगो कधीच बघायचे नाहीत! तसंच एप्रिलमध्ये वाशी मार्केटला जाऊन पेटी आणणं. तसंच पाडव्याची स्वागतयात्रा. डोंबिवलीत 1999 साली सुरू झाली, आता ठाण्यातही नऊवारी नेसून, ढोल घेऊन रस्ते भरतात. यातलं एकही डिसेंबरात होत नाही.

ग्रुपवरचे फोटो बघून तुला जे होतं ते होऊ दे, त्यावर माझ्याकडे औषध नाही. पण सहलीच्या मधोमध व्हिडिओ कॉल लावू नकोस. एकाने फोन धरायचा, बाकीच्यांनी 'आवाज येतोय का' ओरडायचं, तोवर पोपटीच्या मडक्यातल्या शेंगा गार. तुम्हा परदेशातल्या मुलांना पोपटीचं फार कौतुक असतं, पण तिची सगळी गंमत वाट बघण्यात आहे. भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, पाण्याचा थेंब नाही, मडकं उपडं घालून वर जाळ आणि थंडीत सगळे भोवती. हे स्क्रीनवर कसं येईल? दुसऱ्या दिवशी सकाळी फोन कर आणि सविस्तर ऐक.

पैसेही पाठवू नकोस. 'या वेळची बस माझ्याकडून' म्हणालीस की भावंडं हो म्हणतील आणि मनात ठेवतील. त्यापेक्षा एक काम अंगावर घे. नाटकाची तिकिटं तू काढ. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहाला रविवारी दुपारचा प्रयोग लागला की मेलबर्नहून दोन खुर्च्या धरायला तुला पाच मिनिटं लागतील. इथे आईला ते ॲप उघडायचं म्हणजे शेजारच्या मुलाची मनधरणी. कडेच्या खुर्च्या घे, मध्यंतरात उठायला बऱ्या. पावसाळ्यात मात्र तिला धबधब्यावर नेणाऱ्या उत्साही भाच्यांना तूच नाही म्हणून सांग. पांडवकड्याला पावसात बहुधा बंदीच असते आणि ती उगाच नसते. उपवनला गाडीत बसून कणीस खाल्लं तरी पाऊस बघितल्यासारखाच आहे.

आणि आईला 'जाशील का' असं विचारू नकोस. उत्तर तुला पाठ आहे. तिच्या मजल्यावर, भिशीत, मंडळात कोणीतरी एक बाई अशी असतेच जी कुठेही जायला तयार असते. तिचा नंबर मिळव. तिला सांग, मार्चमधल्या एका रविवारची ऐरोलीची बोट ठरवा, पैसे तिथे तुम्ही भरा, मी आल्यावर हिशेब करू. आईला आदल्या दिवशी कळलं तरी चालेल. टोपी आणि पाण्याची बाटली न्यायला सांग, बोटीत सावली धड मिळत नाही.