फ्लॅशिंग फेल होतंय? आधी जिग बघ

अरे भावा, अंबडच्या लाईनवर फ्लॅशिंगला, म्हणजे कंट्रोलर चिपमध्ये प्रोग्रॅम भरताना, बोर्ड फेल गेला की लगेच कंट्रोलर खराब म्हणून काढू नकोस. बहुतेक वेळा लोचा जिगमध्येच असतो, म्हणजे बोर्ड धरून प्रोग्रॅमरला जोडणाऱ्या साच्यात. आधी एरर नीट वाच, कनेक्टच होत नाही का व्हेरिफायला (लिहिलेलं परत वाचून ताडताना) अडकतं, दोन्हीची कारणं वेगळी असतात. कनेक्ट होत नसेल तर पोगो पिनची (बोर्डला टेकणाऱ्या स्प्रिंगवाल्या पिना) टोकं भिंगाखाली बघ, सोल्डरिंगच्या फ्लक्सचा पिवळट थर बसलेला असतो, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि ब्रशने साफ कर आणि दाबून बघ स्प्रिंग पूर्ण वर येतेय का, ग्राउंडची पिन तर हमखास बघ. मग तोच बोर्ड परत लाव.

व्हेरिफाय फेल असेल तर इरेज-राइट (जुनं पुसून नवं लिहिणं) चालू असताना सप्लायवर ऑसिलोस्कोप लाव, मल्टीमीटरवर ३.३ व्होल्ट दिसतात पण क्षणभराचा डिप त्यात कळतच नाही. एसडब्ल्यूडीचा (प्रोग्रॅमर आणि चिपमधली दोन सिग्नलची जोडणी) क्लॉक ४ मेगाहर्ट्झवरून १ वर आणून बघ, केबल आखूड ठेव. आणि एकदा पास झालेला बोर्ड दुसऱ्यांदा कनेक्टच होत नसेल तर फर्मवेअरने एसडब्ल्यूडीच्या पिना दुसऱ्या कामाला लावल्या असतील, एसटीएम३२ कंट्रोलर असेल तर कनेक्ट अंडर रिसेट (चिप रिसेटमध्ये धरून जोडणं) करून बघ, त्यासाठी जिगमध्ये रिसेटची वायर मात्र पाहिजे. रीडआउट प्रोटेक्शन (चिपमधला कोड बाहेरून वाचू न देणारं कुलूप) पण चेक कर.