मुंबईच्या गोष्टी पुण्यात सांगणाऱ्यास

अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. चार रविवार, चार व्याख्यानं, विषय जुन्या मुंबईतली रंगीत माणसं आणि प्रत्येक वेळी डझनभर पात्रं. निम्मी आजच काढून टाक. तू लिहिलं आहेस की नुसती माहिती रुक्ष वाटते, म्हणून मधे मधे संवाद घातले. ते संवाद तर आधी खोड. या माणसांना तुझ्याकडच्या रंगाची गरज नाही. पैसा कुठून आला, कुठे गेला आणि कोणाच्या खिशातून गेला, एवढं प्रत्येकाच्या बाबतीत शोध. बाकीचं तेच बोलतील.

रिचर्ड केग्विनच घे. तुझ्या कागदावर तो 'मुंबई बळकावणारा धाडसी कप्तान' आहे आणि डेप्युटी गव्हर्नरला पकडताना एक झकास वाक्य टाकतो. ते वाक्य तुझं आहे, त्याचं नव्हे. घडलं ते असं. इंग्लंडच्या राजाने १६६८ मध्ये मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिली. पुढे कंपनीने काटकसर काढली आणि किल्ल्यावरच्या शिबंदीच्या पगार-भत्त्यांना कात्री लावली. डिसेंबर १६८३ मध्ये केग्विनने, म्हणजे त्याच शिबंदीच्या प्रमुखाने, डेप्युटी गव्हर्नर वॉर्डला कैद केलं आणि बेट यापुढे थेट राजाच्या नावाने चालेल असं जाहीर केलं. जवळजवळ वर्षभर तसं चाललंही. त्या काळात त्याने संभाजीमहाराजांशी तहसुद्धा केला. नोव्हेंबर १६८४ मध्ये माफीचं वचन मिळाल्यावर किल्ला सोडला आणि १६९० मध्ये वेस्ट इंडीजमध्ये लढताना मेला. यात तू काय वाढवणार? आणि पुण्याच्या सभागृहात निम्मे श्रोते पेन्शनर असतात. पगारकपात म्हटल्याबरोबर केग्विन त्यांना तुझ्याआधी समजतो.

कुत्र्यांची दंगल तू विनोद म्हणून ठेवली आहेस. असू दे, हसू येतंच. पण १८३२ सालच्या त्या प्रकरणाचं मूळ आठ आण्यांत आहे. भटकी कुत्री मारायची आणि कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस, असा हुकूम होता. आठ आणे मिळतात म्हटल्यावर शिपाई भटकं-पाळीव कशाला बघतील? लोकांच्या घरातली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी धर्मात कुत्र्याला मान. मृत्यूनंतरच्या विधीतही तो लागतो. जूनमध्ये भडका उडाला, फोर्टमधली दुकानं बंद झाली आणि गोऱ्या फौजेची रसद अडली. श्रोत्यांना हसू दे, पण आठ आणे आधी सांग, दंगल नंतर.

आता दंतकथांबद्दल. त्या टाकून देऊ नकोस, दंतकथा म्हणून सांग. राजाबाई टॉवरची गोष्ट सगळ्यांना पाठ असते: प्रेमचंद रायचंदांची आई अंध, जैन धर्माप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवायचं, म्हणून वेळ कळावी यासाठी लेकाने घड्याळाचा मनोरा बांधून दिला. 'असं सांगतात' म्हणून एका वाक्यात उरक आणि पैशाकडे वळ, कारण तिथे खरी मेजवानी आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आलेला पैसा ठेवायचा कुठे? रोज नव्या कंपन्या, नव्या बँका, समुद्र हटवून जमीन काढण्याच्या योजना. बॅक बे कंपनीचा शेअर मूळ किमतीच्या कितीतरी पट चढला. प्रेमचंद या सगळ्याच्या मध्यभागी होते. त्यांनी होकार दिला की कर्ज मिळे. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपत आलं आणि कापूस कोसळला. पुढच्या तारखेचे सगळे वायदे १ जुलै १८६५ ला पुरे करायचे होते. त्या दिवशी कोणाकडेच पैसा नव्हता. बँक ऑफ बॉम्बेही त्यातच बुडाली.

टॉवरचे दोन लाख रुपये प्रेमचंदांनी तेजीच्या काळात दिले होते. टॉवर पुरा झाला १८७८ मध्ये. म्हणजे तेजी गेली, ती संपत्ती गेली आणि मग मनोरा उभा राहिला. आराखडा करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलेच नाहीत, हेही जाता जाता सांग. आईची गोष्ट गोड आहे, पण या हिशेबापुढे ती फिकी पडते, हे तुला सभेतच दिसेल.

एक दंतकथा मात्र पूर्ण गाळ. अमेरिकेचं राष्ट्रगीत मुंबईत बांधलेल्या 'मिंडेन' जहाजावर लिहिलं गेलं, ही. लिहिणारा वकील त्या रात्री अमेरिकन जहाजावर होता. हे कुणीतरी सभेत उठून सांगणार, आणि पुण्यात असा 'कुणीतरी' नेहमी दुसऱ्या रांगेत बसलेला असतो. वाडियांच्या गोदीला उसन्या गौरवाची गरजही नाही. तिथे १८१७ मध्ये बांधलेलं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे. आणि १८१३ चं 'कॉर्नवॉलिस' तर तुझ्या सगळ्यात अवघड व्याख्यानाचा दरवाजाच आहे.

ते अवघड व्याख्यान म्हणजे अफूचं. तुझ्या आराखड्यात जमशेटजी जीजीभॉय आणि डेव्हिड ससून 'दानशूर' या शीर्षकाखाली आहेत, अफू कुठेच नाही. हे मला खटकलं. जमशेटजी १८०५ मध्ये चीनच्या वाटेवर असताना फ्रेंचांनी त्यांचं जहाज पकडलं. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा एक तरुण स्कॉटिश शल्यवैद्य होता. त्या ओळखीतून पुढे अनेक वर्षांचा धंदा उभा राहिला: माळव्याची अफू मुंबईहून चीनला. चीनने अफू रोखायला घेतल्यावर युद्ध झालं, आणि १८४२ मध्ये ते संपवणारा नानकिंगचा तह झाला तो या 'कॉर्नवॉलिस'वर. अफू मुंबईची, जहाज मुंबईचं. त्याच वर्षी जमशेटजींना सर ही पदवी मिळाली. जे. जे. रुग्णालय, माहीमचा कॉजवे, आपल्या बंडगार्डनचा बंधारा, या सगळ्यामागे त्या घराण्याचा पैसा आहे.

ससूनांचंही तेच. बगदाद सोडून आलेला माणूस, मोठा धंदा, त्यात अफूचा मोठा वाटा. आणि त्यांच्या दानातून पुण्यातलं ससून रुग्णालय, जिथे आपल्यापैकी कितीतरी जण जन्मले असतील. ते वारले १८६४ मध्ये, पुण्यातच. लाल देवळाच्या, म्हणजे तिथल्या ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, आवारात त्यांची कबर आहे. मुंबईची गोष्ट सांगायला तुला घाट उतरावाच लागतो असं नाही.

हे सांगताना दोन मोह होतील. एक, अफू गाळून दान सांगायचं. दुसरा, अफू सांगून दानावर थुंकायचं. दुसरा आजकाल जास्त टाळ्या मिळवतो. दोन्ही टाळ. अफू सांग, बंधारा सांग आणि गप्प बस. श्रोते घरी जाताना आपसात भांडतील, ते चांगलंच.

घारापुरीच्या दगडी हत्तीचं तुझं टिपण छान आहे, त्याला हात लावू नकोस. इंग्लंडला न्यायला १८६४ मध्ये उचलायला गेले, क्रेन मोडली, हत्तीचे तुकडे झाले, आणि म्हणून तो आज भायखळ्यात आहे. तीन मिनिटं पुरेत.

१४ एप्रिल १९४४ च्या गोदीतल्या स्फोटाबद्दल मात्र क्रम बदल. 'फोर्ट स्टिकीन' जहाजावर दारूगोळा, कापूस आणि सोन्याच्या लगडी एकत्र होत्या, आणि स्फोटात लगडी उडून लांब लांब पडल्या, एक तर एका पारशी गृहस्थाच्या घरात. तू इथून सुरुवात केली आहेस. लोक हसतील आणि मग अग्निशमन दलाचे ६६ जवान मेले हे तुला त्या हशावर सांगावं लागेल. जवान आधी सांग. गोदीतले मजूर आधी सांग, त्यांची नावं कुठल्या पाटीवर सापडोत न सापडोत. सोनं शेवटी आलं तरी कोणी विसरत नाही.

माझं ऐकशील तर पहिल्या रविवारी केग्विनही नको. १७३९ पासून सुरू कर. चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पुण्याची फौज आता आपल्यावर येणार म्हणून मुंबईचे इंग्रज धास्तावले. एक वकील साताऱ्याला शाहूमहाराजांकडे धाडला, दुसरा वसईला अप्पांकडे. फोर्टभोवती खंदक खणायचं ठरलं, आणि त्यासाठी तीस हजार रुपये काढले कोणी? मुंबईतल्या देशी व्यापाऱ्यांनी. मराठे येऊ नयेत म्हणून. हे वाक्य सदाशिव पेठेत म्हणून बघ, सभागृह जागं होईल. वसईतल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणून देवळांत टांगल्या; भीमाशंकरला आणि मेणवलीला त्या बघायला मिळतात. मेणवली वाईजवळच आहे. व्याख्यानाआधी जाऊन ये आणि घंटेचा फोटो स्वतः काढ, नेटवरचा नको.

कागदासाठी माडगावकरांचं १८६३ सालचं मुंबईचं वर्णन आधी वाच. इंग्रजी गॅझेटियर नंतर. लाल देवळात आत सोडतात की नाही ते अगोदर विचारून घे आणि ओळखपत्र बरोबर ठेव. आणि दीड तास म्हणजे दीड तासच. पुण्यात दोन तास बोलणाऱ्याला लोक ऐकून घेतात, पण पुढच्या रविवारी येत नाहीत.

दुरुस्त आराखडा बुधवारपर्यंत पाठव. पात्रं सहापेक्षा जास्त असतील तर वाचणार नाही.

— बाई