जागा बरोबर, तेज चुकीचं?

प्रश्न : धूमकेतू तक्त्यात (तो कधी, कुठे आणि किती तेजस्वी दिसेल याच्या अंदाजात) दिलेल्या जागी सापडतो, पण सांगितल्यापेक्षा बराच मंद दिसतो. असं का?

उत्तर : जागा मुख्यतः गुरुत्वाकर्षण ठरवतं, त्याचं गणित चोख. तेज ठरतं बर्फाची वाफ होताना किती वायू-धूळ उसळते यावर, आणि तिथे भल्याभल्यांचे अंदाज कोसळतात. १९७३चा कोहोटेक गाजला फार, दिसला बेताचाच. उलट २००७च्या ऑक्टोबरात १७व्या प्रतीचा, म्हणजे अतिशय मंद असलेला होम्स धूमकेतू दोन दिवसांच्या आत नुसत्या डोळ्यांना दिसू लागला!

म्हणून तक्त्यापेक्षा स्वतःची वही बरी. मी धूमकेतूचा धूसर गोळा नीट पाहून लक्षात ठेवते, मग फोकस बिघडवून तेज माहीत असलेले तारे तेवढेच पसरट करते आणि तेजाची तुलना करते. वेळ, दुर्बीण, तुलनेचे तारे लिहाच. चंद्रप्रकाशात केलेल्या नोंदीवर मात्र माझा भरवसा नाही.