हुकूमशहाच्या सरकारात २० वर्षं मंत्री राहिलेला इंजिनिअर माणूस म्हणून कसा होता? (बी. जे. हबीबी, इंडोनेशिया)

माझ्या मते माणूस चांगला होता, पण हुकूमशहा सुहार्तोंपुढे त्यांचं तोंड कधी उघडलं नाही. जर्मनीत आखेनला शिकून तिथल्या विमान कंपनीत मोठ्या पोस्टवर होते, १९७४ ला सुहार्तोंनी परत बोलावलं आणि १९७८ ते १९९८ संशोधन आणि तंत्रज्ञान खातं त्यांच्याकडेच. लहानपणी वडील गेले तेव्हा शेजारच्या छावणीतले सुहार्तो घरी आले होते, म्हणून हबीबी त्यांना वडिलांच्याच जागी मानायचे.

१० ऑगस्ट १९९५ ला बांडुंगला त्यांचं एन-२५० विमान उडालं, नाव काय तर गातोतकाचा, म्हणजे आपला घटोत्कच! पण त्यासाठी जंगल लावायच्या फंडातला पैसा वळवला हेही खरंय, आणि त्यांनी पूर्व जर्मनीच्या जुन्या युद्धनौका घेतल्या त्यावर १९९४ ला टेम्पो साप्ताहिकाने लिहिलं तर सरकारने साप्ताहिकच बंद केलं, हे मला अजिबात पटत नाही.

पुढे १९९८ ला आयएमएफच्या (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) अटींमुळे विमानाचा पैसा थांबला, सुहार्तोंनी पद सोडलं, हबीबीच राष्ट्राध्यक्ष झाले आणि दीडेक वर्षात प्रेसवरची बंधनं काढली, इंडोनेशियाच्या ताब्यातल्या पूर्व तिमोरला वेगळं व्हायचं का यावर सार्वमतही दिलं. सुहार्तो मात्र नंतर त्यांना शेवटपर्यंत भेटले नाहीत.