वाचकांचे प्रश्न: जनावरांच्या साथीची तयारी आणि पशुवैद्यक

प्रश्न: गोठ्यात पंचवीस गाई आहेत, सगळ्या धडधाकट. साथ नसताना डॉक्टरांकडून तयारी म्हणून नेमकं काय करून घ्यावं?
– दूध उत्पादक

तुमच्या गोठ्यात 'नेहमीचं' काय, ते आधी त्यांच्याबरोबर बसून लिहून काढा: रोजचं दूध, वैरण किती संपते, महिन्याला किती जनावरं आजारी पडतात, किती गाभडतात. लाळ्या-खुरकुतात तोंडात फोड दिसण्याआधीच ताप चढतो आणि दूध घटतं. गाईवार नोंद असेल तर एकाच दिवशी तिघींचं दूध उतरलेलं त्याच संध्याकाळी लक्षात येतं.

मग गोठ्याचा हाताने काढलेला नकाशा करा. फाटक, पाण्याची टाकी, शेणाचा खड्डा, शेजारचे कळप आणि दुधाची गाडी कुठवर येते, हे सगळं त्यात यावं. आजारी जनावर वेगळं बांधायची जागा, येणाऱ्याने बूट बदलायची जागा आणि मेलेलं जनावर पुरायची जागा डॉक्टरांकडून आजच ठरवून घ्या. पुरण्याची जागा विहीर-ओढ्यापासून लांब हवी आणि भूजलाची पातळी खड्ड्याच्या तळाच्या बरीच खाली हवी. एका मोठ्या जनावराला साधारण 1.5 घनमीटर जागा लागते, शिवाय वर 2 मीटर माती. हे आधी ठरलं नसेल तर ऐनवेळी माती जिथे भुसभुशीत असते तिथेच खड्डा खणला जातो, आणि ती जागा बहुधा पाण्याजवळची निघते.

ये-जा वहीत खरेदी-विक्री, खाद्याची गाडी, रेतनासाठी येणारा माणूस आणि खुद्द डॉक्टर, सगळ्यांची तारीखवार नोंद करा. नवं जनावर 4 आठवडे वेगळं ठेवा. लम्पी त्वचारोगाचा अधिशयन काळ (लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ) तेवढा धरतात.

प्रश्न: नुकतीच प्रॅक्टिस सुरू केली आहे. लाळ्या-खुरकुताचा संशय आला तर पहिल्या भेटीत काय करायचं? अहवाल येईपर्यंत थांबायचं का?
– तरुण पशुवैद्यक

थांबायचं नाही. संशय कळवणं हेच तुमचं पहिलं काम आहे, आणि ते गोठ्यातून बाहेर पडण्याआधी फोनवर व्हायला हवं. 2001 साली ब्रिटनमध्ये 20 फेब्रुवारीला रोगाची खात्री झाली, तोवर तो मेंढ्यांच्या बाजारांतून दूरवर पोचला होता. पुढे 60 लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली.

गाडी फाटकाबाहेरच ठेवा. आत फक्त लागेल तेवढंच सामान न्या. आधी निरोगी दिसणारी जनावरं तपासा, आजारी शेवटी. सगळ्यांचं तापमान घ्या, कारण नुसता ताप असलेलं जनावर बरेचदा उद्याचा रुग्ण असतं.

आता ज्या गोष्टीत सगळ्यात जास्त चुका होतात ती: फोडाचं वय. प्रत्येक जनावराच्या तोंडातला सर्वात जुना फोड शोधा. न फुटलेला, द्रवाने भरलेला फोड एक-दोन दिवसांचा. नुकता फुटून लालभडक झालेला, कडेला सालीच्या चिंध्या लोंबत असलेला, साधारण दुसऱ्या दिवसाचा. कडांची धार बोथट होऊन पिवळसर थर धरू लागला की तिसरा दिवस; चौथ्या दिवशी हा थर भरपूर दिसतो. आठवड्यानंतर व्रण उरतो. खुरांवरून वय ठरवू नका. चिखल आणि दुसरे जंतू तिथलं चित्र बिघडवतात. मेंढ्यांत फोड इतके लहान असतात की हा अंदाज सैलच राहतो.

समजा सर्वात जुना फोड 3 दिवसांचा आहे. अधिशयन काळ 2 ते 14 दिवस. म्हणजे रोग 5 ते 17 दिवसांपूर्वी आत आला, आणि ये-जा वहीतली तेवढी पानं आधी वाचायची. रोग बाहेर कुठे गेला ते शोधताना मात्र उलटा हिशोब: लक्षणांच्या 4 दिवस आधीपासून दुधात विषाणू असू शकतो, म्हणून गेल्या 7 दिवसांत या गोठ्यातून निघालेलं प्रत्येक जनावर, दूध आणि वाहन यादीत घ्यायचं. ही यादी त्याच दिवशी केली तर उपयोग. आठवड्याने लोकांना तारखा आठवत नाहीत.

नमुना म्हणून ताज्या फोडाची साल किमान 1 ग्रॅम घ्या. ग्लिसरीन आणि फॉस्फेट बफर समान प्रमाणात, पीएच 7.2 ते 7.6, अशा द्रावणात ती ठेवून थंड पाठवा. फॉर्मॅलिन किंवा स्पिरिटमध्ये अजिबात नको. त्यात विषाणू मरतो. बाटलीवरचं नाव पेन्सिलने लिहा, बर्फाच्या पाण्यात शाई पुसते.

बाहेर पडताना बूट घासून धुवा, कपडे पिशवीत बंद करा, आणि निदान 3 दिवस दुसऱ्या गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या किंवा डुकरांत जाऊ नका. त्या दिवसांत तुमचं काम कोण पाहणार, हे आधीच ठरवून ठेवायला हवं. बहुतेकांच्या तयारीत नेमकी हीच गोष्ट राहून जाते.

प्रश्न: बैल अचानक मेला, नाकातून काळसर रक्त येत होतं. डॉक्टरांनी शवविच्छेदन करायला नकार दिला. मग कारण कळणार कसं?
– शेतकरी

तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केलं. अचानक मृत्यू आणि न गोठणारं काळं रक्त म्हटलं की काळपुळीचा (अँथ्रॅक्सचा) संशय घ्यायलाच हवा. न उघडलेल्या शवात कुजताना हे जंतू मरून जातात. शव फाडलं की त्यांना हवा मिळते, ते बीजाणू (कठीण कवचाचं टिकाऊ रूप) बनतात आणि मातीत कित्येक दशकं टिकतात. निदानासाठी कानाच्या शिरेतल्या रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पुरतो, पण तो लवकर घ्यावा लागतो. पुरण्यापूर्वी पोटात गॅस होऊ नये म्हणून इतर रोगांत रूमेनला (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्याला) चीर देतात. इथे ती द्यायची नाही. कातडं काढू नका. नाक, तोंड, गुदद्वार जंतुनाशकात भिजवलेल्या कापसाने बंद करा. ज्यांचा रक्ताशी संबंध आला असेल त्यांनी आजच माणसांच्या डॉक्टरांकडे जावं.

प्रश्न: फाटकावर औषधाचं पाणी ठेवलं, गोठ्यात फवारणीही केली. तरी लाळ्या-खुरकूत आला. औषध खोटं होतं का?

औषधापेक्षा शेण कारणीभूत असण्याची शक्यता जास्त. शेणाने माखलेल्या बुटावर कुठलंही जंतुनाशक आतपर्यंत पोचत नाही. आधी खरवडायचं, साबणाने धुवायचं, पाणी निथळू द्यायचं. त्यानंतर औषध, आणि किमान 10 मिनिटं पृष्ठभाग ओला राहायला हवा. या रोगाचा विषाणू पीएच 6 च्या खाली किंवा 9 च्या वर तग धरत नाही, म्हणून धुण्याचा सोडा 4 टक्के (10 लिटर पाण्यात 400 ग्रॅम) किंवा सायट्रिक आम्ल 0.2 टक्के (10 लिटरमध्ये 20 ग्रॅम) चालतं. दोन्ही एकत्र करू नका, एकमेकांचा परिणाम मारतात. सोडा अॅल्युमिनियमला खातो, तेव्हा कॅन जपा. लम्पीत मात्र चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिड आवरल्याशिवाय नुसती जमीन धुऊन भागत नाही.

प्रश्न: लम्पीची लस दिल्यावर आठव्या दिवशी तीन जनावरं आजारी पडली. लसीमुळेच ना?

बहुतेक नाही. लम्पीची लस काम करू लागायला साधारण 10 दिवस लागतात, पूर्ण संरक्षणाला सुमारे 3 आठवडे. ती जनावरं आधीच बाधित असावीत. म्हणूनच रिंगण लसीकरण (बाधित भागाभोवतीच्या कळपांना लस देणं) बाहेरून आत करतात: आधी लांबचे निरोगी कळप, बाधित भागाच्या जवळ शेवटी. मात्र एक शंका डॉक्टरांकडून जरूर तपासून घ्या: प्रत्येक जनावराला वेगळी सुई वापरली का? एकच सुई वापरली तर लसीकरणच रोग पसरवतं. लस 2 ते 8 अंशांत होती का, आणि विरघळवल्यावर 2 तासांत संपवली का, हेही विचारा. लाळ्या-खुरकुताच्या लसीत आणखी एक अडचण असते. विषाणूचे 7 प्रकार आहेत आणि एकाची लस दुसऱ्याला उपयोगी पडत नाही, त्यामुळे प्रकार ओळखण्यासाठी नमुना पाठवावाच लागतो.

प्रश्न: संशय कळवला आणि अहवाल 'नाही' असा आला तर नाचक्की होत नाही का?
– पशुवैद्यक

होत नाही, आणि कुणी तसं म्हणत असेल तर त्याकडे लक्ष देऊ नका. अहवालापेक्षा नमुन्याकडे मात्र पुन्हा पाहा. आठवड्याहून जुन्या व्रणात विषाणू सापडणं कठीण असतं. तसं असेल तर त्याच जनावरांचं रक्तजल (सीरम) प्रतिपिंडांच्या (अँटीबॉडीजच्या) तपासणीसाठी पाठवा, आणि ते येईपर्यंत फाटक बंदच ठेवा.