आजीच्या माहेरी जाताना

चि. मुली,

अनेक आशीर्वाद. शनिवारी इंग्लंडातल्या लडलोला, आजीच्या माहेरी, जाणार आहेस हे वाचून फार आनंद झाला. तुझ्या आजीने पुण्यात चाळीस वर्षं संसार केला, मराठी आपल्यासारखंच बोलायची, पण माहेरचा विषय निघाला की उठून चहा ठेवायची. म्हणून सांगतो, नुसता किल्ला बघून परत येऊ नकोस.

आधी कागद गोळा कर. आजीचं लग्न तिकडेच झालं, पण त्या दाखल्यावर तुला फक्त तिच्या वडिलांचं नाव नि कामधंदा सापडेल. इंग्लंडात लग्नाच्या नोंदीत आईचं नाव यायला 2021 साल उजाडावं लागलं! पणजीसाठी आजीचा जन्मदाखला मागव. त्यावर आईचं माहेरचं आडनाव असतं. मग 1921ची शिरगणती बघ. 1931ची जळून गेली, 1941ची युद्धामुळे झालीच नाही. मधल्या काळासाठी सप्टेंबर 1939ची नोंदवही आहे. घराघरांतली माणसं, जन्मतारखा, कामधंदे, सगळं तिच्यात आहे. मात्र जन्माला शंभर वर्षं न झालेल्यांच्या ओळी काळ्या करून झाकलेल्या असतात. पणजोबांच्या नावाखाली अशी ओळ दिसली तर ती बहुधा आजीच. तिच्या मृत्यूचा पुरावा राष्ट्रीय अभिलेखागाराला पाठवून ती ओळ उघडून घेता येते. ते काम तुझ्या हातून व्हावं असं मला मनापासून वाटतं.

गावात उतरल्यावर लगेच घर शोधायला धावू नकोस. किल्ल्याच्या दारातच, कॅसल स्क्वेअरमध्ये, शनिवारचा बाजार असतो. तिथे रमतगमत फिर, विकणाऱ्यांशी बोल, आजीचं माहेरचं आडनाव सांग. मग बटरक्रॉस नावाच्या जुन्या इमारतीपासून ब्रॉड स्ट्रीटने खाली उतर. तळाशी ब्रॉड गेट लागेल. गावकोटाच्या जुन्या वेशींपैकी तेवढीच उरली आहे, आणि तिच्या डोक्यावर चक्क घर आहे. वेशीपलीकडे रस्ता टीम नदीवरच्या पुलाकडे जातो. माहेरचं घर नदीकडे होतं, एवढं आजी एकदा बोलली होती. म्हणजे बाजाराला यायचं तर तिला हा चढ असणारच. परतताना तो सावकाश चढ.

सेंट लॉरेन्सचं चर्च जरूर बघ. सातव्या हेन्रीचा थोरला मुलगा आर्थर 1502 साली इथल्या किल्ल्यात वारला. त्याचं हृदय या चर्चमध्ये पुरलं असं सांगतात. पण आवारातल्या दगडांवर तिच्या माहेरचं आडनाव शोधत दुपार घालवू नकोस. इंग्लंडातल्या बऱ्याच गावांत चर्चच्या आवारातली दफनं एकोणिसाव्या शतकातच थांबली. तुझी माणसं गावच्या दफनभूमीत असण्याचा संभव जास्त. निघण्याआधीच टाउन कौन्सिलला लिहून विचार.

कबर सापडली तर रिकाम्या हाताने जाऊ नकोस, बाजारातून फुलं घेऊन ठेव. आणि पणजीचं नाव कळलं की मला लगेच कळव. आजीला विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं.

तुझा,
काका